जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी घेताय? आधी चारही टायर मोजा

डेन्व्हरला आल्यावर महिन्याभरातच कळतं, गाडीशिवाय इथे पान हलत नाही. ऑक्टोबर लागला की ऑफिसातला प्रत्येक जण एकच सल्ला देतो: ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी) घे, बर्फात बरं पडतं. मीही तशीच घेतली. आठ वर्षं जुनी वॅगन, एका छोट्या डीलरकडून. पत्रा बघितला, सीटा बघितल्या, इंजिनाचा आवाज ऐकला. टायर बघताना मात्र नाशिकची सवय आड आली. तीन टायर मध्यम झिजलेले होते आणि मागचा उजवा जवळजवळ नवा कोरा. मला वाटलं, चला, एक टायर तरी नवीन मिळाला.

पाच महिन्यांनी पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळायला लागली. कोणी हँडब्रेक अर्धा ओढून ठेवावा तशी. मेकॅनिकने गाडी वर उचलली, चारही टायरांच्या खाचांची खोली मोजली आणि आकडे (इंचाचे बत्तिसावे भाग) एका कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवले: ५, ५, ५, ९. तो म्हणाला, "इथून सुरुवात झाली." पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा क्लच जळला होता. आधीच्या मालकाने गाडी तशीच किती मैल पळवली होती, देव जाणे. दुरुस्तीला गाडीच्या किमतीचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. तेव्हापासून ओळखीत कोणी नवीन माणूस गाडी बघायला निघाला की मी माझा गेज घेऊन सोबत जाते. प्रत्येकाबरोबर जाणं जमत नाही, म्हणून हे सगळं लिहून काढलं.

आधी कारण समजून घ्या

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांनाच जाते. मागची चाकं आपापली गडगडत येतात. त्यामुळे पुढचे दोन टायर नवे टाकले, मागे जुने ठेवले, एखाद्या चाकाला स्टेपनी लावून महिनाभर फिरलं, तरी फारसं बिघडत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधलेला असतो. मध्ये सेंटर डिफरन्शियल किंवा क्लच असतो. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात जो थोडा फरक पडतो, तो सामावून घेणं हे त्याचं काम. वळण संपलं की त्याला विश्रांती मिळते.

झिजलेल्या टायरचा घेर लहान होतो आणि तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त फेरे मारावे लागतात. २२५/६० आर १७ हे माप घ्या. टायरचा व्यास साधारण ७०२ मिलिमीटर. खाचांच्या खोलीत ४/३२ इंचाचा फरक असेल तर घेरात सुमारे २० मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दर मैलाला सहा-सात फेरे. एकाच चाकात फरक असेल तर त्यातला निम्मा त्या आसाचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारे गिअर) झेलतं आणि निम्मा मधल्या क्लचवर येतो. डेन्व्हरहून व्हेल या स्कीइंगच्या गावापर्यंतच्या सुमारे शंभर मैलांत हे तीनशेच्या वर फेरे झाले, तेही वळणं न धरता. क्लच सतत घसरत राहतो, तापतो, आणि शेवटी जातो.

म्हणून या गाडीत चार टायर हा एकच पार्ट धरायचा. किती झिजलेत हा प्रश्न दुसरा. चारही सारखे झिजलेत का, हा पहिला.

सोबत काय न्यायचं

- खाचांची खोली मोजायचा गेज, इंचाचे ३२ भाग दाखवणारा. ऑटो पार्ट्सच्या कुठल्याही दुकानात पाच-दहा डॉलरला मिळतो.
- हवेचा गेज
- टॉर्च, आणि खाली झोपायला जुनी चटई किंवा पुठ्ठा
- एक पेनी, एक क्वार्टर (एक सेंटचं आणि पंचवीस सेंटचं नाणं)
- वही-पेन. फोनमध्ये टिपून ठेवायचं म्हटलं तरी गारठलेल्या बोटांनी ते जमत नाही.

विक्रेत्याकडून बघायचे कागद: टायटल (मालकीचा कागद), सर्व्हिसच्या पावत्या, टायर घेतल्याची पावती, गाडीचा इतिहास अहवाल, आणि डेन्व्हर परिसरात ज्या गाड्यांना चाचणी लागू आहे त्यांचं चालू एमिशन (धुराच्या चाचणीचं) प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र मिळवून देणं विक्रेत्याचं काम आहे. "तुम्हीच करून घ्या" म्हणाला तर ऐकू नका.

१. निघण्याआधी फोनवरच विचारा

"टायर कसे आहेत?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "छान आहेत." त्याऐवजी विचारा: शेवटचे टायर कधी घेतले? चारही एकदम घेतले का? पावती आहे का? चारही टायरांचे जवळून फोटो पाठवाल का? ज्याने गाडी जपली आहे तो पटकन उत्तर देतो.

सतरा अक्षरांचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) मागून घ्या आणि एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचे रिकॉल तपासा. जाता जाता टायरच्या दुकानाला फोन करून त्या मापाचे चार टायर, बसवणूक, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून किती होतील तेही विचारून ठेवा. हा आकडा घासाघीस करताना कामी येतो.

२. दारावरचा स्टिकर आणि टायरवरची अक्षरं जुळवा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. कंपनीने ठरवलेलं टायरचं माप आणि हवेचा दाब त्यावर असतो. तो वहीत उतरवा आणि मग चारही टायरांवरचं माप अक्षर न् अक्षर वाचा.

२२५/६० आर १७ आणि २२५/६५ आर १७ हे वाचताना एकसारखेच वाटतात, पण व्यासात २२ मिलिमीटरहून जास्त फरक आहे, तीन टक्क्यांच्या वर. झिजेने एवढा फरक कधीच पडत नाही. असं मिश्रण दिसलं तर मी पुढे मोजतही नाही.

माप जुळलं की कंपनी आणि मॉडेल बघा. एकाच कंपनीचे दोन मॉडेलही चालत नाहीत, कारण माप तेच छापलेलं असलं तरी प्रत्यक्ष घेर आणि नक्षी वेगळी असते. काही स्पोर्ट गाड्यांना मागचे टायर मुळातच रुंद दिलेले असतात. तसं असेल तर स्टिकरवरच पुढचं-मागचं माप वेगळं लिहिलेलं असतं.

३. टायरची जन्मतारीख वाचा

टायरच्या कडेला 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारा लांब क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधी कधी बाहेरच्या बाजूला अर्धाच क्रमांक असतो आणि पूर्ण क्रमांक आतल्या बाजूला. मग चटई अंथरून खाली जावं लागतं. आळस करू नका.

चार टायरांच्या तारखा एकमेकींच्या जवळ असतील तर ते बहुधा एकदम घेतलेले आहेत. तिघं २०१९ चे आणि एक २०२३ चा असेल, तर त्या चौथ्याची गोष्ट विक्रेत्याला विचारा. वयही बघा. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, खाचा कितीही खोल असोत. कोलोरॅडोच्या उन्हात रबर लवकर वाळतं. कडेला बारीक तडे दिसले की तो टायर संपला असं धरा.

४. हवा तपासा

गाडी उभी असतानाच, गार टायरवर. स्टिकरवरच्या दाबाशी ताडून बघा. एकच टायर कमी निघाला तर त्यात हळू पंक्चर आहे का ते बघा. खिळा किंवा जुना प्लग दिसतो का? प्लग नक्षीच्या मध्यभागात असेल तर ठीक, कडेच्या भिंतीजवळ असेल तर तो टायर बाद.

५. आता मोजा, बारा आकडे

या कामाला पंधरा मिनिटं लागतात, आणि यात कंजुषी करू नका. गाडी सुरू करून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवायला सांगा. पुढचे टायर बाहेर वळले की नक्षी आतल्या कडेपर्यंत दिसते. मागच्यांसाठी मात्र आडवंच व्हावं लागतं, म्हणून पुठ्ठा. त्याआधी इंजिन बंद करून घ्या आणि हँडब्रेक लावा.

प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजायचा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. गेजची सुई खाचेच्या तळाला टेकवा आणि त्याचे दोन्ही पंख रबराच्या माथ्यावर सपाट दाबा. खाचेत अधूनमधून रबराचा आडवा उंचवटा असतो, ती झिजेची खूण आहे. सुई चुकून त्यावर टेकली की आकडा खोटा येतो. चार टायर, प्रत्येकी तीन, असे बारा आकडे. नवा टायर साधारण १० किंवा ११ दाखवतो.

मागच्या हिवाळ्यात ऑरोरात एका मैत्रिणीसाठी बघितलेल्या गाडीचं माझ्या वहीतलं पान असं आहे:

डावा पुढचा: ७, ७, ७
उजवा पुढचा: ७, ७, ६
डावा मागचा: ७, ७, ७
उजवा मागचा: ४, ७, ७

नुसतं बघून चारही सारखेच वाटत होते. मधले आकडेही सगळीकडे ७. पण उजव्या मागच्याची आतली कड ४ निघाली. तिथे बोट फिरवलं तर रबराचे दात उलट्या दिशेने बोटाला लागत होते. त्या चाकाचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं, आणि तपासणीत सस्पेन्शनचा एक वाकलेला दांडा सापडला. उभं राहून चार टायर बघणाऱ्याला हे दिसलंच नसतं.

किती फरक चालतो? ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, कारण प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी. सुबारूची मर्यादा फार कडक आहे: चारही टायरांच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक नको. खोली १/३२ ने कमी झाली की घेर साधारण इंचाच्या पाचव्या भागाने घटतो, म्हणजे २/३२ चा फरक झाला की सुबारूची मर्यादा ओलांडली. ऑडीची मर्यादा ४/३२ इतकी सैल आहे. काही गाड्यांत मागची चाकं गरजेपुरतीच जोडली जातात आणि विक्रेते सांगतात की त्यांना काही होत नाही. त्या गाड्यांतही मागच्या आसाला जोडणारा क्लचच असतो, तोही तापतोच. माझा स्वतःचा नियम सगळ्यांना एकच: सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात २/३२ किंवा जास्त फरक दिसला की चार नवे टायर किमतीतून वजा करायचे आणि पुढची तपासणी दुप्पट बारकाईने करायची.

६. पेनी, क्वार्टर आणि आय-७०

गेज विसरलात तर नाण्यांवर काम भागतं. पेनीवरचा लिंकन डोकं खाली करून खाचेत घाला. डोक्याचा माथा पूर्ण दिसत असेल तर खोली २/३२ च्या खाली, म्हणजे बहुतेक राज्यांत कायद्यानेही टायर गोटा. क्वार्टरवरच्या वॉशिंग्टनचं डोकं तसंच घातलं तर ४/३२ कळतं.

पेनीची परीक्षा पास झाली म्हणून टायर चालेल, असं इथे सगळे समजतात. पण आय-७० वर, म्हणजे डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या हायवेवर, डॉट्सेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात ट्रॅक्शनचा (टायरांच्या पकडीचा) नियम असतो, आणि गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह असली तरी खाचांची खोली किमान ३/१६ इंच लागते. ३/१६ म्हणजे ६/३२. पेनीच्या आणि क्वार्टरच्याही पुढे. त्यासाठी २००८ पर्यंतची पेनी शोधा, जिच्या मागच्या बाजूला लिंकन मेमोरियलची इमारत आहे. ती बाजू उलटी करून खाचेत घातल्यावर इमारतीचा माथा झाकला गेला, तर खोली ६/३२ च्या वर आहे. तुम्ही स्कीइंगला जाणार नसलात तरी मित्रमंडळी तुम्हाला त्या रस्त्याने नेणारच आहेत. ५/३२ चे टायर उन्हाळ्यात चालतील, पण तुमच्या हिवाळ्याला ते संपलेलेच आहेत. तसा हिशेब करा.

७. झीज कुठली, ते वाचा

मध्ये जास्त झीज: हवा जास्त भरून चालवली. दोन्ही कडा झिजलेल्या: हवा कमी होती. एकच कड: अलाइनमेंट. या तिन्हींवर उपाय आहे. नक्षीवर ठरावीक अंतराने खळगे पडले असतील, हात फिरवला की लाटा लागत असतील, तर शॉक अॅब्सॉर्बर दमलेत किंवा बॅलन्सिंग कधीच झालेलं नाही. त्याचा खर्च वेगळा धरा.

८. चालवून बघा, आणि गोल फिरा

विक्रेते एका चौकापर्यंत नेऊन परत आणतात. तेवढ्यावर मानू नका. आधी पंधरा-वीस मिनिटं हायवेवर न्या, कारण क्लच तापल्याशिवाय दुखणं बोलत नाही. रेडिओ बंद, काचा खाली.

मग मोकळं पार्किंग शोधा. स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी सावकाश, एक्सिलरेटरवर जवळजवळ पाय न ठेवता गोल फिरा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग इंग्रजी आठचा आकडा काढा. गाडी लोण्यासारखी फिरली पाहिजे. ती धक्के देत थांबल्यासारखी झाली, मागचा भाग उड्या मारत सरकल्यासारखा वाटला, तर मधला क्लच किंवा डिफरन्शियल आवळतंय. मला माझ्या गाडीत हे पाच महिन्यांनी कळलं. पहिल्याच दिवशी पार्किंगमध्ये दोन गोल फेऱ्या मारल्या असत्या तर बहुधा तेव्हाच कळलं असतं.

दुसरे आवाज याच्याशी गल्लत करतात. वळताना एक्सिलरेटर दिल्यावर टक-टक-टक असा आवाज येत असेल तर तो अॅक्सलचा सांधा. सरळ चालताना घूंऽऽ असा आवाज येतो, तेव्हा रस्ता बदलेपर्यंत थांबा. काँक्रीटवरून डांबरावर आल्यावर आवाज बदलला तर तो टायरचा. स्टिअरिंग जरा डावी-उजवीकडे केल्यावर कमी-जास्त झाला तर बेअरिंगचा.

९. चारही टायर नवे कोरे असतील तर

आनंद होतो, पण थांबा. चार नवे टायर जुना फरक झाकून टाकतात, क्लचचं झालेलं नुकसान मात्र तसंच राहतं. सर्व्हिसच्या पावत्या आणि इतिहास अहवालात "एक टायर बदलला" अशी नोंद शोधा, आणि सापडली तर त्यानंतर गाडी किती मैल चालली ते मोजा. अशा गाडीत आठवा मुद्दा अजिबात सोडू नका.

१०. मेकॅनिककडे न्या

इथवर गाडी पसंत पडली तर विक्रेत्याशी संबंध नसलेल्या गॅरेजमध्ये प्री-पर्चेस इन्स्पेक्शन (खरेदीआधीची तपासणी) करून घ्या. तुमच्या बारा आकड्यांचं पान त्यांना दाखवा आणि पुढच्या, मधल्या आणि मागच्या अशा तिन्ही डिफरन्शियलांचं तेल बघायला स्पष्ट सांगा. सांगितलं नाही तर सहसा कोणी बघत नाही. विक्रेता गाडी न्यायलाच नको म्हणाला तर तिथेच नमस्कार करा.

११. किंमत ठरवताना आणि सही करताना

टायर विषम निघाले तर विक्रेता पहिली गोष्ट म्हणेल: "मी तो एक बदलून देतो." हे नको. दुसरी: "दोन वापरलेले चांगले बसवून देतो." हेही नको. एकतर चार सारखे नवे, नाहीतर फोनवर विचारलेला पूर्ण आकडा किमतीतून वजा. मी पैसे वजा करून घेणं पसंत करते, कारण मग टायर माझ्या निवडीचे येतात.

डीलरकडच्या जुन्या गाडीच्या काचेवर बायर्स गाइड नावाचा कागद लावणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर 'अ‍ॅज इज' वर खूण असेल तर सही केल्यावर जो बिघाड निघेल त्याचा खर्च तुमचा. तीन दिवसांत गाडी परत करता येते, असा समज आपल्या लोकांत फार आहे. डीलरच्या शोरूममध्ये घेतलेल्या गाडीला तसा कुठलाही केंद्रीय नियम लागू नाही. म्हणून तोंडी कबूल केलेलं सगळं, म्हणजे "चार नवे टायर, हे माप, ही कंपनी", त्याच कागदावर किंवा डीलरच्या 'वी ओ' (आम्ही देणं लागतो) फॉर्मवर लिहून घ्या आणि त्याची सही घ्या. खासगी विक्रेत्याकडून घेताना हेच बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या कागदावर) लिहा. कोलोरॅडोत नंबरप्लेट विक्रेत्याकडेच राहते, ती मागत बसू नका.

१२. गाडी घरी आल्यावर

पहिल्याच आठवड्यात बारा आकडे पुन्हा मोजून तारखेसह लिहून ठेवा. दर पाच-सहा हजार मैलांनी टायर फिरवून घ्या, म्हणजे झीज सारखी राहते. थंडी पडली की हवा बघा. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो, आणि डेन्व्हरला एका दिवसात चाळीस अंश उतरलेले मी बघितलेत.

कधीतरी एक टायर कडेला फाटणार. उरलेले तीन नव्यापेक्षा फार तर १/३२ ने कमी असतील तर त्याच मॉडेलचा एक नवा टायर चालून जातो, फक्त पुस्तिकेतली मर्यादा बघून घ्या. ते तिघं ६ वर असतील तर चार नवे घेण्याआधी टायर तासून देणारं दुकान शोधा. ते नवा टायर यंत्रावर तासून बाकीच्यांच्या खोलीला आणतात. तिथे "थोडा कमी करा" असं सांगू नका. तिघांचे आकडे स्वतः मोजून न्या, "६/३२ ला आणा" म्हणा, आणि बसवण्याआधी तुमच्या गेजने तो टायर दुकानातच मोजून घ्या.